गालासाठी आलात आणि लघवी तपासायला सांगितली, त्याबद्दल

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण आमच्या ह्यांनी फोन काढून घेतला, म्हणाले सकाळी लिही, डोकं शांत असताना. म्हणून आता ओपीडी सुरू व्हायच्या आधी बसलेय. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलंय की मिसेसच्या गालावर लाल चट्टे आले म्हणून आमच्या सांगलीच्या क्लिनिकला आणलं, सव्वादोन तास बसवलं, मी क्रीम द्यायचं सोडून चालू होतं तेच बंद केलं आणि चेहरा अजून पेटला, गाल दाखवला तर तुकडा दंडाचा काढला, साडेचार हजारांच्या रक्ताच्या तपासण्या लिहिल्या "आणि वर लघवीची पण!!", चिठ्ठीवर ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) लिहिलं ते गुगल करून घरात दोन रात्री कुणी झोपलं नाही, आणि शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत उन्हाची ॲलर्जी म्हणून सांगितलं. आणि खाली "कमिशनचा धंदा". सगळं आलं ना?

मिसेसचे रिपोर्ट काय आले हे मी इथे लिहिणार नाही. पेशंट त्या आहेत, त्या हो म्हणाल्याशिवाय तुमच्याशीसुद्धा बोलणार नाही, मग चारचौघांत तर लांबच. तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलते, बाकीचं असं गाल लाल झालेल्या कुणालाही लागू आहे असं समजा.

सव्वादोन तास हे खरं आहे, मी रजिस्टर बघितलं. त्या दिवशी मधेच एक ताप आणि अंगभर फोड आलेला मुलगा आला, पण ते तुम्हाला बाहेर येऊन कुणी सांगितलं नाही ही आमची चूक. दुसरी चूक जास्त मोठी. आमच्या रिसेप्शनवरून तुम्हाला एका लॅबचं कार्ड दिलं गेलं. मी चिठ्ठीवर लॅबचं नाव कधीच लिहीत नाही, कुठेही करा म्हणते, पण समोर कार्डांचा गठ्ठा ठेवलेला असेल तर कुणीही कमिशनच म्हणेल, मीसुद्धा म्हटलं असतं. गठ्ठा आज सकाळी कचऱ्यात गेला. मी कमिशन घेत नाही, पण हे इथे लिहून तुम्हाला पटेल असं मलाही वाटत नाही.

आता क्रीम. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

मेडिकलमधून मिळणारं, शेजारणीने सांगितलेलं, पार्लरवालीने दिलेलं "गोरं व्हायचं" क्रीम, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरात बघा. २०१८ साली सरकारने चेहऱ्याला, अंगाला लावायची अशी बरीच स्टेरॉइड क्रीमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण आपल्याकडे मिळतात हे तुम्हालाही माहितेय. पहिले आठ-पंधरा दिवस चेहरा काचेसारखा होतो. मग कातडी पातळ, बारीक लाल शिरा, लव वाढते, पुरळ येतं, आणि लावायचं थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. ते भाजणं आठवडे, कधी महिने चालतं. म्हणजे बंद केल्यावर पेटला तो क्रीम बंद केल्याने नाही, लावल्याने. पण हे मी तुम्हाला आधीच नीट सांगायला हवं होतं, थंड पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर, कुठल्या दिवशी फोन करायचा, सगळं कागदावर. मी दोन वाक्यांत उरकलं कारण बाहेर रांग होती. सॉरी, मनापासून.

आणि बंद करायचं दुसरं कारण असं की स्टेरॉइडखाली सगळे आजार एकसारखे दिसायला लागतात. लाल गाल म्हणून जे येतात त्यात कोंड्याचा त्वचारोग असतो, रोझेशिया (गाल-नाक सतत लाल राहतात तो) असतो, वांगावर चोळचोळून लाल केलेलं असतं, चेहऱ्यावरचं गजकर्ण असतं, उन्हाची ॲलर्जी असते, स्नायूंचा एक आजार आहे डर्मॅटोमायोसायटिस तो असतो, आणि कधीतरी ल्युपस असतो. चांगल्या उजेडात, काही न लावलेल्या चेहऱ्यावर यातले निम्मे डोळ्यांनीच वेगळे करता येतात. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते ना, ल्युपसचा फुलपाखरासारखा चट्टा गाल आणि नाकाचा दांडा धरतो पण ती घडी शक्यतो सोडतो. कोंड्याचा आजार नेमका त्याच घडीत बसतो. रोझेशियात पुळ्या येतात, ल्युपसमध्ये सहसा नाही. हाताच्या बोटांवर बघायचं, ल्युपसचे डाग पेरांच्या मधल्या भागावर, सांधा सोडून, आणि डर्मॅटोमायोसायटिसमध्ये उलटं, बरोबर सांध्याच्या उंचवट्यावर. म्हणून मी हात पुढे करायला सांगते, केस बाजूला करते, कानाच्या खळग्यात टॉर्च मारते, तोंड उघडायला लावते. लोकांना वाटतं बाई गाल सोडून सगळं बघतेय.

शिवाय पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे, गुलाबी गुलाबी. आपल्या रंगावर ते गुलाबी दिसत नाही हो, जांभळट, कधी नुसतं काळपट दिसतं, आणि मग "टॅन झालंय" म्हणून वर्ष निघून जातं.

दुसऱ्या डॉक्टरांबद्दल मी काही वाईट बोलणार नाही, त्यांचं बरोबरही असू शकतं. उन्हाची ॲलर्जी खूप कॉमन आहे, ल्युपस त्यामानाने बराच कमी. पण घरी बसून तुम्हीच बघू शकता असा एक फरक सांगते. ॲलर्जीचं पुरळ उन्हात गेल्यावर काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी येतं, खाजतं आणि सावलीत राहिलं की थोड्या दिवसांत जातं. ल्युपस उशिरा येतो, ऊन लागल्यावर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, आणि मग मुक्काम ठोकतो. म्हणूनच मी "लग्नाला गेला होता का, शेतात गेला होता का, कधी" असं खोदून विचारत होते, तुम्ही लिहिलंय की चौकशा फार करतात.

दंडाचा तुकडा. गालावर जे आहे तेच जर दंडावर किंवा पाठीवर असेल तर मी गाल कापत नाही. ४ मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल तुकडा काढायचं हत्यार, असतो, एक टाका, तरी बारीक वण राहतो आणि बाईच्या गालावर तो कशाला. त्यात गालावर महिनोन्‌महिने स्टेरॉइड लागलेलं असेल तर तिथली बायोप्सी गोंधळात टाकते. तुकडे खरं तर दोन काढतो, का ते विचारायचं राहून गेलं असेल, सांगते. एक फॉर्मॅलिनमध्ये जातो, त्यात वरच्या आणि खालच्या कातडीच्या सीमेवर पेशी मोडल्यात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुसरा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर वाया जातो, त्याला वेगळं द्रावण लागतं, त्यावर इम्युनोफ्लुरोसन्स करतात, त्याच सीमेवर अँटिबॉडीचा चमकणारा पट्टा दिसतो का बघायला. ही तपासणी गावोगावी होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, म्हणून रिपोर्टला इतके दिवस.

दंडा-पाठीवरच्या चट्ट्यांचा अजून एक घोळ आहे. ल्युपसच्या एका प्रकारात पाठीवर, दंडावर, गळ्याखाली असे रिंगणासारखे चट्टे येतात की कुणीही गजकर्ण म्हणेल. मग गजकर्णाच्या गोळ्या सुरू होतात, आणि त्यातली टर्बिनाफिन नावाची जी आहे ती काही जणांत हाच ल्युपस उठवते! म्हणजे औषध चालू आणि रिंगणं वाढतायत. म्हणून मी मागच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणायला सांगते, ॲसिडिटीच्या आणि बीपीच्या सुद्धा, त्यातल्याही काही हे करतात.

रक्ताच्या तपासणीत एएनए म्हणून जी असते, शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध केलेल्या अँटिबॉडी शोधणारी, तिच्यावरून तर घरोघरी रडारड चालते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस झाला असं नाही. १:४० ला, म्हणजे नमुना चाळीस पट पातळ करून, बघितलं तर धडधाकट माणसांतसुद्धा चारातल्या एकाची पॉझिटिव्ह येऊ शकते, १:१६० ला शंभरात पाच जणांची. आणि उलटंही, नुसत्या कातडीवर राहणाऱ्या डिस्कॉइड प्रकारात, ज्यात वण पडतात आणि त्या जागी केस कायमचे जातात, ती निगेटिव्ह येऊ शकते. २०१९ साली युरोप-अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांनी ल्युपस ठरवायला मार्कांची पद्धत काढली, एएनए किमान १:८० हवी, मग फुलपाखरी चट्ट्याला ६ मार्क, डिस्कॉइडला ४, एकूण १० लागतात. म्हणजे नुसत्या गालावर पास होत नाही. एका पेशंटच्या भावाने एक्सेलमध्ये बेरीज करून आणली होती, त्यालाही हेच सांगितलं की ती पद्धत मुळात संशोधनासाठी आहे, डॉक्टरला त्याहून जास्त बघावं लागतं.

चिठ्ठीवर मी ल्युपस लिहिलं नव्हतं दादा, "ल्युपस?" लिहिलं होतं. ते प्रश्नचिन्ह लॅबसाठी असतं, काय शोधायचंय ते त्यांना कळावं म्हणून. पण घरी जाऊन गुगल करणाऱ्याला प्रश्नचिन्ह दिसत नाही, शब्द दिसतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वर त्याच नावाने शोधलं की ल्युपस व्हल्गॅरिस पण निघतो, तो कातडीचा टीबी, त्याचा याच्याशी संबंध नाही. दोन्हींत ल्युपस म्हणजे लॅटिनमधला लांडगा एवढंच सामाईक. इथून पुढे असं काही लिहिलं तर तोंडी सांगूनच चिठ्ठी हातात देईन.

आणि आता लघवी, ज्यावर तुम्ही दोन उद्गारचिन्हं दिलीत.

मी शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डात कॉलेजची एक मुलगी आली. गाल लाल म्हणून बरेच महिने कुठे पिंपल्सची, कुठे ॲलर्जीची क्रीमं लावून झाली होती, आणि ती आमच्याकडे आली ती गालासाठी नाही, पाय सुजले म्हणून. ल्युपस मूत्रपिंडात शिरला की दुखत नाही. ताप नाही, कळ नाही, सूज येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याआधी कळतं ते फक्त लघवीतल्या प्रोटीनवरून आणि रक्ताच्या पेशींवरून. तिचं पुढे काय झालं ते सांगत नाही. पण तेव्हापासून शंका रुपयातली पाच पैसे असली तरी मी लघवी लिहितेच, त्या यादीतली ती सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची.

माझ्याकडे परत यायलाच हवं असं नाही. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड रिसेप्शनला काढून ठेवायला सांगते, मिसेस स्वतः येऊन किंवा त्यांची सही असलेली चिठ्ठी पाठवून घेऊन जाऊ शकतात, पैसे नाहीत. ज्या डॉक्टरांवर विश्वास आहे त्यांना दाखवा. ते उन्हाची ॲलर्जीच म्हणाले तर मला आनंदच आहे, स्टार वाढवू नका. फक्त त्या क्रीमची ट्यूब घरात ठेवू नका, आणि लघवी अजून दिली नसेल तर उद्या सकाळची पहिली द्या, कुठल्याही लॅबला, डबी त्यांच्याकडेच मिळते.