पन्नासातले अठरा

डिचोलीच्या बाजारात पिंपळाच्या पारावर आमची बैठक सात वाजता भरते आणि बाजूच्या गाड्यावरची मिरची भजी संपली की मोडते. परवा बाबल आला तो काखेत स्पायरल बाइंडिंगचं जाडजूड झेरॉक्स मारून. त्याला गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं कव्हर, मार्च महिना वर.

"पोथी लावलीस काय रे?" नाना मास्तर.

"आयसी-३८," बाबल म्हणाला आणि पुस्तक मांडीखाली सरकवलं.

विमा एजंट व्हायची परीक्षा. बाबलचं वय बावन्न. २०१२ ला गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा त्याच्याकडे दोन ट्रक होते, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या तेव्हा एक होता, आता स्कूटर आहे.

"वेडा आहेस मरे तू!" सुदेश ओरडला. "मला सांगायचंस. माझा एक माणूस आहे. पंधरा हजार. परीक्षा नाही, बिरीक्षा नाही, लायसन घरपोच."

सुदेशचा सगळीकडे एक माणूस असतो. घरपट्टीला, तिरुपतीच्या दर्शनाला, सरकारी नोकरीला. २०२४ ला पैसे घेऊन सरकारी नोकऱ्या लावतो सांगणाऱ्यांचं सगळं बाहेर पडलं, तेव्हा त्याच्या नोकरीवाल्या माणसाचा फोन महिनाभर बंद होता. सुदेश म्हणाला रेंज नाही.

दत्ता भजी खात होता. बावीस वर्षं एजंट आहे, घाई करत नाही. तोंडातलं संपवून म्हणाला, "कसलं लायसन? २०१५ चा कायदा आल्यापासून एजंटाला सरकारी लायसन नाही. कंपनीच नेमते, कोड देते, ओळखपत्र देते. जे कोणी छापतच नाही ते तुझा माणूस घरपोच कुठून आणणार?"

"लायसन नाही? म्हणजे तुमचा सगळा धंदा बेकायदेशीर!"

"टॅक्सीचा बॅज समजलास काय? विम्यात लायसनच हवं असेल तर नुकसान मोजणारा सर्व्हेअर हो. ते अजून हैदराबादेहून, विमा नियामकाकडून येतं. पण त्याला डिग्री नाहीतर डिप्लोमा लागतो, वर परीक्षा, वर वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली ठोकलेल्या गाड्या बघत फिरायचं. तुझं शिक्षण किती, सुदेश?"

सुदेशने चहा मागवला.

मग दत्ता बाबलकडे वळला. दहावी पास आहेस? आहे, १९८९, दुसऱ्या खेपेला. दाखला? आहे, कोपरा उंदराने खाल्लाय. नंबर दिसतो ना, मग चालेल. पॅन, आधार, बँकेचं पासबुक, फोटो. कंपनीत अर्ज करायचा, ते प्रशिक्षण देतात, परीक्षेला तेच बसवतात. पास झालास की तुझा पॅन तपासतात, आधीच दुसऱ्या कंपनीत एजंट नाहीस ना, काळ्या यादीत नाहीस ना. कोर्टात फसवणूक, अफरातफर सिद्ध झालेला माणूस चालत नाही. हे म्हणताना त्याने सुदेशकडे बघायचं काही कारण नव्हतं, पण बघितलं.

"पन्नास प्रश्न, एक तास, पस्तीस टक्क्यांना पास," दत्ता म्हणाला.

"म्हणजे साडेसतरा," नाना.

"अर्धा प्रश्न बरोबर येत नाही, मास्तर. अठरा."

"उणे गुण?"

"नाहीत."

"मग सगळीकडे 'क' मारून यायचं!" सुदेश परत जिवंत झाला.

"ये की. चार पर्याय असतात, बारा-तेरा आपोआप जमतील. उरलेल्या पाचांसाठी ते पुस्तक."

"सोळा," बाबल म्हणाला.

"काय सोळा?"

"मला सोळा पडले. मागच्या महिन्यात. पणजीला जाऊन आलो, कुणाला सांगितलं नाही."

सुदेश हसला. एकटाच.

"पेपर कुठल्या भाषेत घेतलास?" नानांनी विचारलं. मराठीत, म्हटल्यावर मास्तरांची छाती फुगली, आणि पुस्तक उघडल्यावर लगेच उतरली. "समर्पण मूल्य? हे रे काय?"

"पॉलिसी मधेच मोडली तर हातात येतं ते."

"मोडल्याला समर्पण म्हणतात? मी तीस वर्षं मराठी शिकवलं, मला वाटलं हा नवविधा भक्तीचा धडा." पुढे 'परम सद्भाव' आला. कंपनीपासून काही लपवायचं नाही, साखर असेल तर साखर लिहायची. मास्तर जरा वेळ गप्प झाले. त्यांची साखर आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या पॉलिसीला ठाऊक आहे की नाही, ते दत्ताने विचारलं नाही, मीही नाही.

बाबलला दोन-तीन कंपन्या धरायच्या होत्या. दत्ता म्हणाला, आयुर्विम्याची एकच, वाहनबिहनाच्या साधारण विम्याची एक, आणि फक्त आरोग्य विकणारी एक. आयुर्विम्याच्या दोन चालत नाहीत. "एकपत्नीव्रत, पण खातेनिहाय," नाना पुटपुटले.

"आता तर लोक रांगा लावतील," सुदेश. "हप्त्यावरचा जीएसटी गेला ना! अठराचा शून्य!"

"तो ग्राहकाचा गेला. त्या पाठोपाठ काही कंपन्यांनी आमच्या कमिशनला कात्री लावली, ते तुझ्या व्हॉट्सअॅपवर आलं नाही वाटतं. आणि तू कसला रांगा लावतोस? बायकोची पॉलिसी घेताना पहिल्या हप्त्यातलं माझं कमिशन परत मागितलंस. विमा कायद्याचं कलम ४१. देणाऱ्याला गुन्हा, घेणाऱ्यालाही. दंड दहा लाखांपर्यंत."

"सगळेच देतात!"

दत्ता यावर काही बोलला नाही. देतात, हे त्यालाही माहीत आहे. त्याने दिलं की नाही हे त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही, आणि माझ्या मते दिलं नसावं, कारण सुदेशची बायको अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.

तेवढ्यात नानांनी पुस्तकाचं शेवटचं पान उलटलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने नावं. प्रशिक्षणात साहेबाने करायला सांगितलेली यादी, ओळखीची माणसं, कुणाकडे आधी जायचं. वरती भाऊ, साखळीचा मावसभाऊ, मग केस कापणारा. त्याखाली सगळे ट्रकवाले, आमोण्याच्या जेटीवर याच्या पुढे-मागे रांगेत उभे राहणारे. तेवीस नावं. त्यातली चौदा खोडलेली.

"त्यांनी पण गाड्या विकल्या," बाबल म्हणाला. "हप्ता कुठून भरणार."

गाड्यावरच्या बाईने विचारलं, आणखी भजी टाकू काय. टाक म्हटलं.

"हे बघ," दत्ता जरा वेळाने म्हणाला, "माणसांचा विमा पुढच्या वर्षी कर. आधी गाड्यांचा धर. पीओएस, म्हणजे पॉइंट ऑफ सेलवाला, म्हणून लाग. पंधरा तासांचं प्रशिक्षण, परीक्षा तेच आत घेतात. स्कूटर, गाडी, सोप्या पॉलिसी. रस्त्यावरच्या अर्ध्या गाड्यांचा विमा कधी संपला हे मालकाला ठाऊक नसतं. आणि इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखणारा एजंट मी तरी बघितला नाही."

"नको," बाबल म्हणाला. "मला हीच पास व्हायचीय. दोन मार्कांनी राहिली."

"मग विचारतो," नानांनी खडूची सवय असलेलं बोट वर केलं. "विमायोग्य हित म्हणजे काय?"

"ज्याच्या जाण्याने आपलं पैशाचं नुकसान होतं, त्याचाच विमा काढता येतो. नवऱ्याला बायकोचा, बायकोला नवऱ्याचा. शेजाऱ्याचा नाही."

"मित्राचा?"

"नाही."

"वाचलो!" सुदेश म्हणाला.

बाबलने पान लावून पुस्तक मिटलं. "पण धनकोला ऋणकोचा काढता येतो. देणं असेल तेवढ्यापुरता."

दत्ताची भजी तोंडापाशीच थांबली. २०१२ ला बाबलचे चार टायर आणि एक बॅटरी सुदेशने 'एका माणसाला' विकून दिली होती. ते पैसे बाबलला दिसले नाहीत. आम्ही तो विषय काढला की सुदेश इतकी वर्षं एकच वाक्य म्हणतो: कसलं देणं, हिशेब तेव्हाच झाला.

"तर मी काय म्हणतो," बाबल अगदी साहेबी आवाजात म्हणाला, "पहिली पॉलिसी सुदेशचीच. अठरा हजारांची."

"अठरा कुठले रे?" सुदेश उसळला. "बाराच होते!"

नाना आधी हसले, मग दत्ता, मग गाड्यावरची बाई, जिला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. बाबलने यादी उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि चोविसावं नाव लिहिलं. बाजूला बारा. मग खोडून अठरा.