हा विचार बायबलमध्ये आहे, पण कुणाच्या तोंडी?

सकाळी सकाळी एका प्रवचनाची क्लिप आली. वक्ता छाती ठोकून सांगतोय, "परमेश्वर लढणाऱ्याला लूट देतो, बसून राहणाऱ्याला नाही!" खाली आमेनचा पाऊस. शब्द वेगळे असले तरी विचार बायबलमधलाच आहे हो. फक्त तो दाविदाचा, म्हणजे पुढे इस्राएलाचा राजा झालेल्या वीराचा, नाही. बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या ३० व्या अध्यायात ज्यांना दुष्ट आणि अधम म्हटलंय, त्यांचा आहे.

प्रसंग असा. दावीद आणि त्याची ६०० माणसं सिकलाग या आपल्या गावी परततात, तर गाव जळालेलं आणि बायकापोरं अमालेकी या शत्रू टोळीने पळवलेली. पाठलाग सुरू होतो. बसोर ओढ्यापाशी २०० जण इतके गळून जातात की त्यांना ओढा ओलांडवत नाही. ते सामानापाशी थांबतात. उरलेले ४०० पुढे जाऊन सगळं सोडवून आणतात, वर लूटही मिळते. परतल्यावर त्यांच्यातले ते 'दुष्ट आणि अधम' म्हणतात, हे आपल्याबरोबर आले नाहीत, यांना लूट नाही; फक्त आपापली बायकापोरं द्या आणि वाटेला लावा. दावीद म्हणतो, भावांनो, हे परमेश्वराने आपल्याला दिलंय. लढायला गेला त्याचा जेवढा वाटा, सामानापाशी राहिला त्याचाही तेवढाच. पुढे तो इस्राएलात कायदाच झाला.

"परमेश्वराने दिलंय" हे दाविदाचं नुसतं सौजन्य नव्हे, सगळा हिशोबच त्यावर उभा आहे. माल आपला नाही म्हटल्यावर शौर्य मोजून तो वाटणार कसा? इस्राएली लोकांनी यरीहो शहर जिंकलं तेव्हाचंच बघा. तिथलं सोनं, चांदी, तांबं, लोखंड सरळ परमेश्वराच्या भांडारात जायचं होतं. आखान नावाच्या इस्राएली माणसाने तिथल्या लुटीतून एक झगा, २०० शेकेल (शेकेल हे तेव्हाचं वजन) चांदी आणि ५० शेकेलांची सोन्याची वीट तंबूत पुरली आणि आय गावासमोर ३६ माणसं पडली. त्याच आयची लूट नंतर लोकांना घ्यायला मोकळीक मिळाली. म्हणजे आखानाचा गुन्हा लूट घेण्याचा नव्हता, देवाच्या वाट्याला हात लावण्याचा होता.

वाटपाचं सगळ्यात तपशीलवार गणित गणना या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात आहे, मोशेच्या काळातल्या मिद्यानी लोकांवरच्या स्वारीनंतरचं. दर वंशातून १०००, असे १२,००० लढवय्ये. लूट ६,७५,००० मेंढरं, ७२,००० गुरं, ६१,००० गाढवं. आधी शुद्धी: सात दिवस छावणीबाहेर, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शुद्धीकरण. धातू आगीतून काढायचा आणि वर शुद्धीच्या पाण्यातूनही. आगीत टिकणार नाही ते फक्त पाण्यातून. मग लुटीचे दोन भाग, अर्धी लढणाऱ्यांना आणि अर्धी मंडळीला, म्हणजे घरी राहिलेल्या बाकी लोकांना. लढणाऱ्यांच्या अर्ध्यातून ५०० मागे १ परमेश्वराचा, म्हणजे एलाजार याजकाकडे ६७५ मेंढरं. घरी राहिलेल्यांच्या अर्ध्यातून ५० मागे १ लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला; ती झाली ६,७५० मेंढरं. घरी बसला त्याच्यावर दहापट कर!

आता कुणीतरी म्हणेलच की अर्धं-अर्धं म्हणजे सारखं नव्हे. बरोबर आहे, मान्य. लढणाऱ्याला डोई २८ मेंढरं पडतात, आणि त्याच पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातली ६,०१,७३० पुरुषांची गणती धरली तर बाकीच्यांत दोघांमागे जेमतेम एक. शिवाय सोनंनाणं ज्याने त्याने स्वतःपाशीच ठेवलं होतं. पण म्हणूनच बसोरचा निर्णय मोठा वाटतो. मोशेच्या वेळी दोन गटांत वाटणी झाली, दाविदाने ती माणशी सारखी केली. आणि ते मिद्यानचं सोनं? एकही माणूस कमी झाला नाही, हे मोजून पाहिल्यावर सरदारांनी त्यातलं १६,७५० शेकेल, म्हणजे १९० किलोच्या आसपास, आपल्या जिवांच्या प्रायश्चित्तासाठी आणून दिलं. जिंकून आलेली माणसं प्रायश्चित्त करतायत. क्लिपवाल्याला हे दिसत नाही.

एक गोष्ट मात्र गिळवत नाही. त्याच यादीत, गाढवांच्या पुढे, ३२,००० मुली आहेत. त्यांचीही अर्धी-अर्धी वाटणी, त्यातल्याही ३२ 'परमेश्वराचा वाटा'. या ओळीवर मला गोड टीका लिहायची नाही आणि कुणी लिहिली तर वाचायचीही नाही. ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती, हे खरं. शेजारच्या मवाबचा राजा मेशा तर जिंकलेल्या गावातली माणसं, बायकामुलींसकट, देवासाठी मारल्याचं आपल्या शिलालेखात अभिमानाने कोरून ठेवतो. पण शेजारीही असलंच काही करत होता, एवढ्याने मला ते पटत नाही.

बसोरच्या वाटपातही राजकारण होतं, तेही कबूल. त्याच लुटीतून दाविदाने यहूदाच्या वडीलधाऱ्यांना भेटी पाठवल्या आणि थोड्याच दिवसांत हेब्रोनात त्यांचा राजा झाला. असू दे. त्या २०० जणांना भेट नव्हे, हिस्सा मिळाला.

कॅथलिक मित्रांच्या बायबलमध्ये मक्काबींचं दुसरं पुस्तक आहे, आम्हा प्रॉटेस्टंटांच्या नाही. त्याचा आठवा अध्याय त्यांच्याकडून मागून वाचा. शत्रूचा सेनापती निकानोर याचा पराभव झाल्यावर यहूदा मक्काबी या यहुदी पुढाऱ्याची माणसं शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतोय म्हणून पाठलाग सोडतात. शब्बाथ संपल्यावर लुटीतला वाटा आधी छळ सोसलेल्यांना, विधवांना, अनाथांना देतात आणि उरलेलं स्वतः घेतात. पुढच्या लढाईनंतर त्यात म्हातारेही येतात, आणि त्या सगळ्यांना सैनिकाइतकाच वाटा मिळतो. यातलं कोणीच ओढा ओलांडून गेलेलं नव्हतं. त्या क्लिपखाली ज्यांनी आमेन ठोकलंय, त्यांनी आता इथेही ठोकावं.