बाथरूममध्ये गॅस गिझर लावा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लाल उद्गारचिन्हांनी भरलेला एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: हीट पंप गिझर (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा) ही शुद्ध फसवणूक आहे, एक युनिट विजेतून तीन युनिट उष्णता निघूच शकत नाही; त्यात विषारी गॅस असतो; पुण्याच्या थंडीत तो बंद पडतो; फाइव्ह स्टारचा साधा गिझरही तेवढीच वीज वाचवतो; आणि हीट पंपाचे पैसे कधीच वसूल होत नाहीत. शेवटी सल्ला: जुना गिझर काढून गॅस गिझर बसवा, तोही बाथरूमच्या आतच, म्हणजे नळापर्यंत येताना पाणी निवत नाही. खाली सही, ‘एका ज्येष्ठ इंजिनिअरचा अनुभव’. नाव नाही, गाव नाही.

असले मेसेज मी वाचतही नाही. पण हा नवी पेठेतल्या माझ्या मामांनी पाठवला, सोबत प्रश्न: “आपला गिझर गळतोय, शनिवारी प्लंबर येणारे. हेच करू ना गं?” मामा पंच्याहत्तरीचे, मामींना दमा. बाथरूम चार बाय सहाचं, एकच झरोका, आणि तोही वारं लागतं म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला. तेव्हा शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करते.

गॅस जळायला हवा लागते. दार लावून गिझर पेटवला की तो त्या खोलीतलाच ऑक्सिजन वापरतो, म्हणजे आंघोळ करणाऱ्याच्या वाटणीचा. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. “वास आला तर लगेच बंद करू” असं मामा म्हणाले. अहो मामा, सिलिंडरच्या गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. ज्वालेतून तयार झालेल्या मोनॉक्साइडला कसलाच वास येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने धरून बसतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग पायातलं बळ जातं, आणि कडी तर आतून लावलेली. आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशा बातम्या हिवाळ्यात आपण सगळेच वाचतो. त्या वाचून पान उलटायचं आणि सकाळी हा मेसेज पुढे ढकलायचा, याला काय म्हणावं?

गॅस गिझर हवाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. मेसेज नेमकं उलट सांगतो, कशासाठी तर पाणी निवू नये म्हणून. निवू दे की थोडं!

आणि हाच मेसेज हीट पंपातल्या गॅसची भीती घालतो. हीट पंपात रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा वायू असतो, बंद नळ्यांमध्ये फिरणारा, फ्रीजमध्ये असतो तसाच. आर-१३४ए हा त्यात सर्रास वापरला जाणारा वायू पेट घेत नाही. काही मॉडेलांत प्रोपेन असतो, तो पेटतो हे खरं. पण तो ग्रॅममध्ये मोजायचा, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. शिवाय हीट पंपात काही जळतच नाही, म्हणजे मोनॉक्साइडचा प्रश्नच नाही.

आता एकाचे तीन. हीट पंप उष्णता बनवत नाही, आजूबाजूच्या हवेतली उचलून पाण्यात नेतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. २० अंशांच्या हवेतून ५५ अंशांच्या पाण्यात उष्णता न्यायची तर भौतिकशास्त्राच्या नियमाने कमाल मर्यादा खर्चलेल्या विजेच्या नऊ पटींच्या वर निघते. बाजारातली यंत्रं तीन-साडेतीनवर अडकतात. नियम मोडणं राहू दे, ती मर्यादेच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाहीत. अमेरिकेचं ऊर्जा खातं विजेच्या साध्या गिझरच्या तुलनेत हीट पंप दोन ते तीन पट कार्यक्षम असल्याचं लिहितं. ज्येष्ठ इंजिनिअरांनी तेवढं तरी वाचायचं.

तेच खातं यंत्र वर्षभर साधारण ४ ते ३२ अंश असतील अशा जागी ठेवायला सांगतं. पुण्याचं नोंदलेलं नीचांकी तापमान १.७ अंश, तेही १७ जानेवारी १९३५ चं. तसली पहाट परत उगवलीच तर ज्या मॉडेलात जोडीला विजेची कॉइल असते ती चालू होईल. एप्रिलच्या दुपारी आपण ३२ च्या बरेच वर जातो, पण तेव्हा कढत पाणी कोणाला हवंय?

फाइव्ह स्टारचं म्हणाल, तर विजेच्या गिझरवरचे तारे टाकीतली ऊब किती टिकते त्याचे असतात. पाणी तापवायला लागणारी वीज एक तारा असो की पाच, तेवढीच.

राहिला पैशांचा मुद्दा, आणि इथे मेसेजला अर्धे गुण द्यावे लागतात. हीट पंप साध्या गिझरच्या कित्येक पट महाग आहे. घरात सहा माणसं, रोज २०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर साध्या गिझरला जवळपास सहा युनिट लागतात, हीट पंपाला दोन. हिशेबाला सोपं म्हणून दहा रुपये युनिट धरलं तर दिवसाचे चाळीस रुपये वाचतात. वर्षातले आठ महिने गरम पाणी वापरलं तर साडेनऊ हजारांच्या आसपास. हे वसूल होतं. मामा-मामींचं पाणी मात्र जेमतेम ६० लिटर. वर्षाला तीन हजारसुद्धा वाचणार नाहीत, आणि यंत्र ठेवायला मोकळी हवा व त्यातून ठिबकणारं पाणी सोडायला जागा, दोन्ही त्यांच्याकडे नाही. ज्याचा स्वतःचा बंगला आणि मोकळी गच्ची आहे त्याने तर आधी सोलरचा विचार करावा. महापालिका त्यावर मिळकतकरात सवलतही देते.

मामांना मी विजेचाच नवीन, पंधरा लिटरचा गिझर घ्यायला सांगितलंय आणि झरोक्यावरचा पुठ्ठा काढायला लावलाय. कोथरूडला ताईकडे सहा माणसं आहेत. तिथे हीट पंपाचं कोटेशन मागवलंय. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी तो मावतो का, एवढंच मोजायचं राहिलंय.