चक्कर, मान आणि मिठाचे पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

चक्कर येण्याच्या नेहमीच्या कारणांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपल्या आईंच्या एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांची झीज दिसली, मानेचा पट्टा आणि गोळ्या यांनी दहा दिवसांत त्यांची चक्कर थांबली, आणि तरीही चक्कर मानेमुळे क्वचितच येते असे लिहून मी वाचकांची दिशाभूल केली. उठताना चक्कर येणाऱ्यांनी मीठ घातलेले पाणी प्यावे हा माझा सल्ला आईंसारख्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला घातक ठरू शकला असता, हा आपला दुसरा आक्षेप. तो मला पूर्ण मान्य आहे, त्याबद्दल पुढे लिहितेच. पहिला मात्र मान्य नाही. पण तोल आणि चालणे यांच्या तक्रारींवर व्यायामोपचार करताना तो मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

आपणच लिहिले आहे की आईंना अंथरुणात कूस बदलताना आणि वरच्या फळीवरचे काही काढताना खोली गरगर फिरल्यासारखी वाटे, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सारे स्थिर होई. या वर्णनातच उत्तर दडलेले आहे. कूस बदलताना डोके, मान आणि धड बहुतेक वेळा एकत्रच वळतात, म्हणजे मानेला फारसा पीळ बसत नाही. बदलते ती गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात डोक्याची स्थिती. उलट, ताठ बसून खांद्यावरून मागे पाहताना मान पुरती पिळली जाते. दोष मानेत असता तर चक्कर या दुसऱ्या हालचालीने अधिक यायला हवी होती. तशी ती येत होती का, हे आपण आईंना अवश्य विचारा.

अंतर्कर्णाच्या एका कप्प्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका पडद्याला चिकटलेले असतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्यामुळे किंवा कित्येकदा कोणत्याही उघड कारणाशिवाय त्यांतले काही सुटतात आणि डोके फिरल्याची जाणीव देणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी एखादीत, बहुधा मागच्या नलिकेत, शिरतात. मग डोके आडवे झाले किंवा मागे गेले की हे कण खाली घसरतात, नलिकेतला द्रव ढकलला जातो, आणि डोके थांबले असतानाही ते फिरतच आहे असा संदेश मेंदूला मिळतो. कण तळाशी स्थिरावले की चक्कर ओसरते, म्हणून ती साधारणपणे एका मिनिटाच्या आत संपते. या प्रकाराचे वर्णन रॉबर्ट बारानी यांनी १९२१ साली केले. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये त्याची तपासणी नीट मांडली. आणि जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेबाहेर काढण्याची आपली पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. डॉक्टर याला बी.पी.पी.व्ही. म्हणतात. तपासणीसाठी यंत्र लागत नाही : रुग्णाला डोके एका बाजूला वळवून झटकन आडवे करायचे आणि त्याचे डोळे विशिष्ट तऱ्हेने थरथरतात का ते पाहायचे.

मग पट्ट्याने बरे कसे वाटले? पट्टा बांधल्यावर माणूस डोके मागे टाकत नाही आणि कूसही जपून बदलतो. साहजिकच चक्कर कमी वेळा येते. शिवाय हा त्रास पुष्कळांना काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप थांबतो, आणि श्रेय त्या काळात चालू असलेल्या उपायाला जाते. एक्स-रेचे म्हणाल, तर पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांची झीज अशा असंख्य लोकांतही आढळते ज्यांना जन्मात कधी चक्कर आलेली नाही. झीज खरी आहे; तिचा चक्करेशी संबंध मात्र त्या चित्रावरून सिद्ध होत नाही.

मानेला मी क्षुल्लक समजते असा अर्थ कृपया काढू नये. मान फार कडक किंवा दुखरी असेल, तर वर सांगितलेली तपासणी आणि उपचार बेताने, गरजेप्रमाणे बदल करून करावे लागतात, आणि ही सूचना लेखात नव्हती हे खरे आहे. आणखी एक प्रसंग याहून गंभीर : मानेला हिसका बसल्यावर, किंवा हिसका न बसताही, एकाएकी मानेत पूर्वी कधी न झालेली वेदना सुरू झाली आणि सोबत चक्कर आली, तर मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे आतले अस्तर फाटलेले असू शकते. तेव्हा पट्टा बांधून वाट पाहत बसणे धोक्याचे आहे.

गोळ्यांविषयीही स्पष्ट लिहिते. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन मळमळ आणि गरगर दाबतात, आणि उलट्या थांबत नसतील तेव्हा थोडे दिवस त्यांचा खरोखर उपयोग होतो. सुटलेले कण मात्र कोणतीही गोळी जागेवर नेत नाही. वृद्धांना त्या महिनोन्महिने चालू ठेवल्या तर सुस्ती येते, तोल आणखी बिघडतो, आणि काहींच्या हातांना कंप व शरीराला ताठरपणा येतो, जो कंपवातासारखाच दिसतो. आपल्या आईंची चक्कर थांबलेली आहे. मग गोळी अजून का चालू आहे, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता मिठाचे पाणी. त्या वाक्यात माझी चूक झाली. उभे राहताच बरेच रक्त पायांत आणि पोटात उतरते. शरीराने लगेच रक्तवाहिन्या आवळल्या नाहीत तर डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हातान्हात घाम जाऊन पाणी कमी पडलेल्या निरोगी तरुणाला मी सांगितलेला उपाय चालला असता, पण उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी जास्तीचे मीठ स्वतःहून घेऊ नये, हे त्याच वाक्यात लिहायला हवे होते. ज्यांचा रक्तदाब एरवी जास्त असतो त्यांचाही उभे राहिल्यावर तो घसरू शकतो, आणि त्यामागे पुष्कळदा औषधेच असतात : लघवी वाढवणारी, प्रोस्टेटसाठी दिलेली, झोपेची. म्हणून पाच मिनिटे आडवे पडून एकदा आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला असा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आपण असेही सुचवले आहे की भोवळ, घेरी, अंधारी यांतला फरक मी आधी सांगायला हवा होता. हे शब्द मलाही प्रिय आहेत, परंतु तोच रुग्ण तोच अनुभव सकाळी एका शब्दात आणि संध्याकाळी दुसऱ्या शब्दात सांगतो. चक्कर कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते, या दोन प्रश्नांची उत्तरे अधिक भरवशाची असतात. कूस बदलताना काही सेकंद, हे एक चित्र; वीस मिनिटांपासून काही तास, सोबत एका कानात दडा, आवाज आणि कमी ऐकू येणे, हे मेनिएर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे; आणि कित्येक दिवस अखंड गरगर, ही बहुधा तोलाच्या मज्जातंतूला आलेल्या सुजेची. अर्धशिशीची चक्कर मात्र पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही टिकते आणि सगळ्यांनाच चकवते.

अखंड गरगरीसोबत बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, चेहरा किंवा हातपाय लुळे पडले, घास गिळता येईना किंवा आधाराशिवाय उभेही राहता येईना, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. सुरुवातीच्या तासांत सी.टी. स्कॅन निर्दोष आला तरी मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात त्यात सुटू शकतो, हे नातेवाइकांना ठाऊक असलेले बरे. हा मजकूर मी लेखाच्या शेवटी ठेवला होता. आज तो पहिल्या परिच्छेदात आणला आहे आणि मिठाचे वाक्य दुरुस्त केले आहे.

आईंना चक्कर पुन्हा आली, तर ती उजव्या कुशीवर येते की डाव्या, एवढे टिपून ठेवा आणि जमल्यास त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांचे मोबाइलवर चित्रीकरण करा. कान-नाक-घसा तज्ज्ञांना त्या काही सेकंदांतून मानेच्या दहा एक्स-रेंपेक्षा अधिक कळेल.