स्वतःचा शोध: सबमिशन शुक्रवारपर्यंत

इंजिनिअरिंगला नंबर लागला, पुण्यात कॉट बेसिसवर खोली मिळाली, डबा लागला, आणि आता रात्री दीड वाजता पंख्याकडे बघत तुम्हाला प्रश्न पडलाय की आपण नेमके कोण. पडू दे. वयाला शोभणारा प्रश्न आहे. फक्त सकाळी साडेआठला प्रॅक्टिकल आहे आणि जर्नलवर सही नसेल तर सर आत घेत नाहीत. तेव्हा पंचाहत्तर टक्के हजेरीला धक्का न लावता हा शोध कसा उरकायचा, तेवढं सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुम्ही कोण आहात हे तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे. आधारला बारा आकड्यांत माहीत आहे, विद्यार्थ्यांच्या 'अपार' आयडीला आणखी बारा आकड्यांत. विद्यापीठाकडे पीआरएन आहे, वर्गात रोल नंबर, परीक्षेत सीट नंबर. मेसच्या काकू तुम्हाला 'भात नको, पोळी वाढवा'वाला म्हणून ओळखतात. यातली काकूंची ओळख सर्वांत नेमकी असली तरी ती कुठल्याही पोर्टलवर अपलोड होत नाही.

आत्मज्ञानाची खरी संधी ॲडमिशनच्या वेळी येऊन गेली, तुमचंच लक्ष नव्हतं. आठवा. डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता, एलसी, सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तुम्ही कागदपत्र तपासणीच्या रांगेत उभे होतात. आधारवर तुमचं नाव आधी, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. शाळेत नाव घालताना कुणीतरी घाईत इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'एच' खाल्लेला. टेबलापलीकडच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले, पेनाचं टोक एकेका अक्षरावरून पुढे सरकवलं, त्या 'एच'पाशी थांबवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "हा तूच कशावरून?"

इतका खोल प्रश्न तुम्हाला पुढच्या चार वर्षांत कुणी विचारणार नाही. पूर्वी यावर हिमालयात जायची पद्धत होती, आता नोटरीकडे जातात. प्रतिज्ञापत्र करायचं की वर लिहिलेला तो आणि खाली लिहिलेला तो, हे दोघे एकच. अद्वैत इतक्या स्वच्छ भाषेत फार थोड्यांनी मांडलंय. तेवढ्यानेही भागलं नाही तर राजपत्रात छापून आणायचं. शासनाने छापलं की तुम्ही तुम्हीच. मग आतून काही वाटो.

'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द ज्याने रूढ केला, त्या मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसनचं उदाहरण कुणी तुमच्यापुढे ठेवेल. भुलू नका. १९०२ साली फ्रँकफर्टला जन्मलेला हा माणूस तरुणपणी चित्रं काढत युरोपभर भटकला. पदवी कुठलीच घेतली नाही. जन्मदाता कोण हे त्याला कधी कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव होम्बर्गर. १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने 'एरिकसन' हे आडनाव स्वतःच तयार करून लावलं. पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाला. आपल्याकडे आला असता तर गॅप सर्टिफिकेटपाशीच अडकला असता. वडिलांच्या नावाचा रकाना तर सोडाच, त्याला लाल चांदणी असते.

तरुणांना जबाबदारीतून थोडी सवलत हवी, हे करून बघ, ते करून बघ, असा मोकळा काळ हवा, असं त्याचं म्हणणं. याला तो 'मोरॅटोरियम' म्हणायचा. आपल्याकडेही मोरॅटोरियम मिळतं. शैक्षणिक कर्जाला. कोर्स संपेपर्यंत आणि वर साधारण वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. त्या व्याजाच्या उजेडात स्वतःला शोधा, लवकर सापडाल.

आणि व्यवस्था तुमच्या आत्म्याकडे दुर्लक्ष करते, असा आरोप तर करूच नका. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला. 'युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज' नावाचा विषयही आहे. त्यात स्वतःचं अन्वेषण हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि त्याला क्रेडिट आहेत. म्हणजे तुम्ही जे रात्री दीड वाजता फुकट करत बसलाय, ते दिवसा मार्कांसाठी करता येतं.

ते कसं करायचं, तेही सांगतो. असाइनमेंट येते: 'मला आयुष्यात खरोखर काय हवं आहे?' पाचेक पानं, हस्ताक्षरात, शुक्रवारपर्यंत. गुरुवारी रात्री साडेअकराला वर्गाच्या ग्रुपवर एका मुलीच्या वहीचे फोटो येतात. तिला आयुष्यात नातेसंबंधांतला विश्वास आणि निसर्गाशी सुसंवाद हवा असतो. रात्री दोनपर्यंत अख्ख्या वर्गाला तेच हवं असतं. ड्रॉइंगच्या शीटला जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारताना काचेखाली दिवा तरी लावावा लागतो. इथे मोबाइल भिंतीला टेकवला की झालं. कुणी एक महाभाग घाईघाईत 'एक मुलगी म्हणून मला वाटतं' हेही जसंच्या तसं उतरवतो. त्याला दहापैकी आठ मिळतात. तिला सात. (अक्षर, दुसरं काय.)

मात्र स्वतःचं उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नका. मला खरं तर बासरी वाजवायची आहे, किंवा इथे का आलो ते माहीत नाही, असलं काही लिहिलंत तर सर बोलावतील, दार लोटून घेतील आणि पालकांचा नंबर मागतील.

इंटरनेटवर व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या असतात, त्या द्या हवं तर. माणसाचे सोळा प्रकार, तुम्ही त्यातला एक. चार अक्षरं मिळतात, इन्स्टाच्या बायोत टाकता येतात. ब्रँच मात्र माणसाचा इतक्या विस्ताराने विचार करत नाही. लग्नघरी काका विचारतात, "कुठली ब्रँच?" कॉम्प्युटर म्हणालात की ते शेजारची खुर्ची तुमच्याकडे सरकवतात. सिव्हिल म्हणालात की म्हणतात, "असू दे, सरकारी निघतात अधूनमधून." यापुढे तुम्ही कविता करता की नाही, याची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

शेवटच्या वर्षी प्लेसमेंटच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न येईल: स्वतःबद्दल सांगा. इतकी वर्षं ज्यासाठी तळमळलात, तो क्षण! तिथे तळमळ दाखवू नका. उत्तर कॉलेजकडून तयार मिळतं, दीड मिनिटाचं. मेहनती, टीममध्ये मिसळून काम करणारा, नवं शिकायची आवड. कमतरता विचारली तर: प्रत्येक काम परिपूर्ण करायचा हट्ट. तुमच्या आधी आत गेलेल्या अकरा जणांचीही कमतरता हीच असेल, त्याने बिचकू नका. समोरच्या बाईंनीही कधीकाळी हेच सांगितलंय, त्या मान डोलावतील. पाठ करताना फक्त गावाचं नाव बदलायला विसरू नका. मित्राच्या फाईलमध्ये सांगोला असेल आणि तुम्ही परतूरचे असाल, तर परतूर म्हणा. आधारवर तसंच आहे, आणि ते तपासतात.