जुन्या रेझरवरचा १९०४ आणि आमसुलाचं पाणी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या जुन्या जिलेट रेझरबद्दल एक मेसेज फिरतोय, की १५ नोव्हेंबर १९०४ कोरलेलं दिसलं की तो रेझर १९०४ चाच आणि रात्रभर आमसुलाच्या पाण्यात घातला की नवाकोरा होतो. दोन्ही चूक.

ती तारीख पेटंटची हो, अमेरिकेत त्या दिवशी कंपनीचे संस्थापक किंग जिलेट यांना पेटंट मिळालं आणि नंतर कितीतरी वर्षं तीच तारीख रेझरवर छापत राहिले, म्हणून तेवढ्यावर जास्त पैसे मोजू नका. अमेरिकन जिलेटवर १९५१ पासून एक अक्षर नि एक आकडा असतो, अक्षर वर्षाचं आणि आकडा तिमाहीचा, ते बघा.

आणि आमसूल पितळेच्या समईला ठीक, इथे पितळेवर निकेल नाहीतर सोन्याचा पातळ मुलामा असतो, आंबटात रात्रभर ठेवलात तर तोच जायचा आणि खालचं पिवळं पितळ उघडं पडायचं. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश, बास. मुठीच्या खाचांत साबणाचा जुना थर आणि हिरवट कीट बसलेलं असतं (आपल्याकडची खारी दमट हवा!), ते दोनतीनदा घासल्यावर सुटतं. टूथपेस्ट नको, चरे पडतात. घेताना ब्लेड लावून दोन्ही कडा सारख्या बाहेर येतात का तेवढं बघा, पडून वाकलेला असेल तर सरळ सोडून द्या.