मोठी डिस्क लावली की गाडी निम्म्या अंतरात थांबते म्हणे!

इंदूरच्या गाडीवेड्या मराठी मंडळींत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा, की टर्बो गाड्यांना कंपनी मुद्दाम हलके ब्रेक देते, मागे तर ड्रमच (डिस्कऐवजी बंद डब्यासारखा ब्रेक) ठोकते, तेव्हा पुढे 330 एमएमची भोकंवाली डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) लावून घ्या, रेसिंग पॅड टाका, डॉट 5 ब्रेक ऑइल भरा, मग 100 च्या स्पीडवरून गाडी निम्म्या अंतरात थांबेल आणि महूजवळच्या जाम गेटच्या घाटात ब्रेक कधीच सुटणार नाहीत. खाली लाल कॅलिपरचा फोटो आणि शेवटी "पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल". जीव वाचवायची भाषा आली की लोक वाचत बसत नाहीत, सरळ पुढे ढकलतात. अहो पण लाखाच्या घरातला खर्च आहे भिया, जरा बघून तर घ्या.

"निम्म्या अंतरात थांबेल"

सगळ्यात मोठी थाप हीच, म्हणून हिच्यावरच जास्त वेळ घालवतो. ब्रेक थांबवतो चाकाला. गाडीला थांबवतो टायर, रस्ता धरून. 100 चा स्पीड म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर, कोरडा चांगला डांबरी रस्ता आणि चांगले टायर असले आणि ग्रिप, म्हणजे टायर-रस्त्याचं घर्षण, 0.9 धरली तर थांबायचं अंतर येतं साधारण 44 मीटर. ह्या हिशोबात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही, गाडीचं वजनसुद्धा कापलं जातं, उरतात फक्त स्पीड आणि ग्रिप. आता 22 मीटरमध्ये थांबवायची तर ग्रिप लागेल 1.8, ती रोडवरच्या टायरला कुठून येणार, ती बिनखाचांच्या स्लिक टायरच्या आणि वरून हवेचा दाब घेणाऱ्या रेस कारची गोष्ट झाली.

तुमचे ब्रेक खरंच कमी पडतात का ते ओळखायला एक पैसा लागत नाही. रिकामा, सरळ, कोरडा रस्ता बघा, मागे कुणी नाही ना ते बघा, 60 चा स्पीड घ्या आणि पॅडल एकदम पूर्ण दाबा. पायाखाली खडखडखड झालं म्हणजे एबीएस, चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागलं, म्हणजे कंपनीच्या ब्रेकनी टायरची होती नव्हती तेवढी ग्रिप वापरून झाली आणि वर जोर शिल्लकच आहे. त्याच्यावर अजून जोर वाढवून काय होणार, एबीएस थोडं आधी लागेल, बस. अंतर खरंच कमी करायचंय तर टायर बघा ना, कडक होऊन गेलेले टायर तसेच ठेवून लोक कॅलिपर शोधत फिरतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, 2321 असेल तर तो टायर 2021 सालच्या 23 व्या आठवड्यातला, ते आधी वाचा. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्या तपासायच्या केंद्राचा, 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण तिथे ब्रेकसाठी वेगळा ट्रॅक आहे आणि त्यात मुद्दाम कमी-जास्त ग्रिपचे पृष्ठभाग करून ठेवलेत हे कुणी सांगत नाही.

"घाटात ब्रेक कधीच सुटणार नाहीत"

इथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क देतो. मोठ्या डिस्कचं खरं काम इथेच, उष्णता सांभाळायचं. 1250 किलोची गाडी 100 वरून थांबवली की जवळपास 480 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, त्यातली 70 टक्के पुढे धरली तर पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला 170 च्या आसपास, आणि डिस्क सात किलोच्या बिडाची असेल तर एका थांब्यात ती पन्नासेक डिग्रीनी तापते. एकदा थांबलात तर काहीच नाही. पण तापलेली डिस्क थंड व्हायच्या आत पुन्हा, पुन्हा, पुन्हा ब्रेक मारत गेलात तर आकडा चढत जातो, आणि 140 वरून थांबलात तर प्रत्येक वेळी जवळजवळ दुप्पट. जाड तवा उशिरा तापतो तसं वजनदार डिस्कचं आहे, म्हणून ट्रॅकवर चालवणाऱ्याला ती पाहिजेच.

घाटाचा हिशोब मात्र वेगळा. तीच गाडी 100 मीटर उंची उतरली आणि सगळं ब्रेकवरच सांभाळलं, तर 100 वरून अडीच वेळा थांबवण्याइतकी उष्णता तयार होते. जाम गेटपासून खाली निमाडात उतरताना किती उतरतो ते डोळ्यांनीच दिसतं. त्याला उपाय गिअर, लाखाचं किट नाही. गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवा, ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडमध्ये घ्या, इंजिन फुकटात गाडी धरतं. मानपूरच्या पुढे गणपती घाटात ट्रकचे ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्यात, तिथेही मूळ प्रकार हाच, लांब उतार, जास्त माल आणि तापलेले ब्रेक.

आणि "ब्रेक सुटले" म्हणजे नेमकं काय झालं हे बघायला पाहिजे. पॅडल दगडासारखं कडक आहे, पाय पूर्ण जोर लावतोय पण गाडी धरत नाही, वास येतोय, तर पॅड त्याच्या तापमानाच्या बाहेर गेलाय. पॅडल मऊ होऊन खाली खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालीये. पहिल्याला औषध चांगला पॅड, दुसऱ्याला ताजं ऑइल. दोन्ही मिळून किटच्या किमतीच्या पासंगाला पुरत नाहीत, आणि रस्त्यावर चालवणाऱ्या बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

"मागे ड्रम म्हणजे फसवणूक"

फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया 2022 साली आल्या तेव्हा त्यांच्या 150 पीएस ताकदीच्या 1.5 लिटर गाडीलाही मागे ड्रमच होता, हे खरं, आणि त्या किमतीत मलाही ते खटकतं. पण जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, अशा पुढे इंजिन असलेल्या गाडीत पुढच्या चाकांवर साधारण तीन चतुर्थांश भार जातो, मागे राहतो चौथा हिस्सा. तेवढं काम ड्रम करतो, एबीएससुद्धा लावतो. ड्रम हळू थंड होतो, ट्रॅकवर ते नडतं, ऑफिस ते घर आणि महिन्यातून एकदा ओंकारेश्वर इतक्यात नडत नाही.

गंमत बघा, मागच्या ड्रमला शिव्या घालणारा हाच मेसेज पुढच्यालाच अजून ताकद द्यायला सांगतो! कंपनीने पुढचा-मागचा तोल, एबीएस, इलेक्ट्रॉनिक ब्रेक वाटप, सगळं त्या ठराविक ब्रेकवर बसवलेलं असतं. तुम्ही फक्त पुढचा जोर वाढवला तर त्याच पॅडलला पुढची चाकं आधी एबीएसवर जातात, मागचे ब्रेक अर्धवट कामालाच राहतात, आणि सगळं वाईट जुळून आलं तर अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. म्हणून चांगल्या किटवाले त्या-त्या मॉडेलसाठी पिस्टनचं माप काढून देतात. "सगळ्या गाड्यांना बसतं" असं जो म्हणेल त्याच्या दुकानातून चहा पिऊन निघा.

"एक पिस्टन कुठे, सहा पिस्टन कुठे"

पिस्टन मोजून काही कळत नाही, क्षेत्रफळ मोजायचं. कंपनीच्या सरकत्या कॅलिपरमध्ये 54 एमएमचा एक पिस्टन असला तर क्षेत्रफळ येतं 2290 चौरस मिलिमीटर, आणि कॅलिपर पिनांवर सरकत असल्याने दुसऱ्या बाजूचा पॅडही तेवढ्याच जोराने दाबला जातो. सहा पिस्टनवाल्यात एका बाजूला तीनच असतात, समजा 28, 32 आणि 36 एमएम, तर बेरीज 2438. फरक साडेसहा टक्के. बाकी जो फायदा तो डिस्क मोठी झाल्याने, 280 ची 330 केली तर पॅड मध्यापासून लांब धरतो आणि वीसेक टक्के जास्त पीळ मिळतो, पण वर सांगितलं तसं तो जोर टायरला पेलला पाहिजे. क्षेत्रफळ खूप वाढवलं तर मास्टर सिलिंडर (पॅडलमागचा ऑइल ढकलणारा पंप) तितकंच ऑइल ढकलतो म्हणून पॅडल जास्त खाली जातं, मग लोक म्हणतात ऑइलमध्ये हवा राहिलीये, ती काढायला परत परत ब्लीडिंग करतात. जास्त पिस्टनचे फायदे आहेत, लांब पॅड सगळीकडून सारखा दाबला जातो, वाकडा झिजत नाही, कॅलिपरची बॉडी ताठ असल्याने पायाला घट्ट वाटतं. छान वाटतं हो. पण छान वाटणं आणि कमी अंतरात थांबणं वेगळं.

आणि त्या फोटोतला कॅलिपर जरा मोठा करून बघा. लाल रंगाच्या मागे सरकत्या पिनेची रबरी टोपी स्पष्ट दिसते, म्हणजे ते प्लास्टिकचं कव्हर आहे, कंपनीच्या एक पिस्टनच्या कॅलिपरवर चढवलेलं! वर मोठ्या इटालियन नावाचं स्टिकर. अशी कव्हरं हवा अडवतात ते वेगळंच.

"भोकंवाली डिस्क थंड राहते"

डिस्क थंड होते ती दोन पृष्ठभागांच्या मधल्या पात्यांमधून वाहणाऱ्या हवेने. भोकं पाडायची पद्धत आली ती जुन्या काळच्या पॅडमधून निघणाऱ्या गॅसला वाट द्यायला, आजचे पॅड तितका गॅस सोडत नाहीत. पावसात भोकांनी पाणी थोडं लवकर निघतं, दिसायला भारी दिसतात, इतकंच. उलट भोकांनी वजन जातं, म्हणजे उष्णता साठवायची जागा जाते, आणि तापून-थंडावून भोकांच्या कडेपासून बारीक तडे सुरू होतात. साधी डिस्क घेऊन लेथवाल्याकडून भोकं पाडून आणणारेही आहेत, त्यांना हात जोडले. साधी नकोच असली तर खाचावाली घ्या, पॅड जरा लवकर झिजेल आणि घूंघूं आवाज येईल, पण तडे कमी. मला विचाराल तर साधी, मधून हवेशीर, बऱ्या कंपनीची डिस्क. जुनी बदलायची का ते ठरवायला तिच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, जाडी मोजायचा व्हर्नियर लावा आणि बघा.

"रेसिंग पॅड टाका"

रेसिंग पॅड थंड असताना नीट धरतच नाही, त्याला आधी तापवायला लागतं. जुलैच्या सकाळी पलासियाच्या सिग्नलला समोर स्कूटर आडवी आली तर पॅड तापायची वाट कोण बघणार? शिवाय किंचाळतो, डिस्क खातो, रिमवर काळी भुकटी. पॅडच्या पत्र्याच्या कडेला एक लांबलचक कोड छापलेला असतो, त्यात दोन इंग्रजी अक्षरं बघा. पहिलं नेहमीच्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. रस्त्यासाठी एफएफ चांगला, पहिलं अक्षर जास्त घर्षणाचं आणि दुसरं कमी घर्षणाचं असेल तर तापल्यावर पकड कमी होणार हे समजून घ्या. ही चाचणी छोट्या तुकड्यावर होते, त्यामुळे अक्षरं म्हणजे सर्वस्व नाही, पण खोक्यावरच्या आगीच्या चित्रापेक्षा बरी.

"डॉट 5 ब्रेक ऑइल भरा"

हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत. डॉट 3, 4 आणि 5.1 हे ग्लायकोलवाले, एका घराण्यातले. डॉट 5 सिलिकॉनचं, त्यांच्यात मिसळतच नाही, त्यात हवेचे बुडबुडे धरून राहतात, पॅडल स्पंजी होतं, एबीएसवाल्या गाडीत ते भरू नये. लिहिणाऱ्याला बहुतेक 5.1 म्हणायचं होतं आणि .1 गळला, पण तेवढ्याने कुणाचे तरी ब्रेक जायचे! डॉट 4 ताजं असताना निदान 230 डिग्रीला उकळतं, 3.7 टक्के पाणी शोषलं की 155 ला. 5.1 चे आकडे 260 आणि 180. म्हणजे चार पावसाळे काढलेलं 5.1 हे ताज्या डॉट 4 पेक्षा खालीच गेलेलं असू शकतं. दोन वर्षांनी बदला, सीलबंद छोटा डबा घ्या, गॅरेजच्या कोपऱ्यात उघडा पडलेला पाच लिटरचा कॅन नको.

इतकं सगळं वाचूनही किट घ्यायचंच असेल, म्हणजे ट्रॅकवर जाता, गाडी रीमॅप केलीये (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलीये), टायर-पॅड-ऑइल सगळं करून झालंय, तर विकणाऱ्याकडून कॅलिपरचा कागदी साचा मागा आणि तो तुमच्या रिमच्या आत लावून बघा, 16 इंची रिममध्ये 330 ची डिस्क बसवायला गेलात तर रिमसकट बिल वाढेल. डिस्कचा नुसता बाहेरचा लोखंडी भाग पुढे वेगळा मिळेल का हे आधी विचारा, नाहीतर झिजल्यावर अख्खं किट शोभेला. इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा. बसवताना हब (डिस्क ज्यावर बसते तो भाग) तारेच्या ब्रशने घासून साफ करायला उभं राहून लावा, गंजाचा एक पापुद्रा राहिला की डिस्क डुगडुगते आणि दोन महिन्यांनी पॅडल थरथरायला लागतं, मग मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते, पॅडचा माल तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो. तो सारखा बसावा म्हणून पहाटे सुपर कॉरिडॉरवर जाऊन, पॅडच्या कंपनीने जसं लिहिलंय तसं, 80 वरून 20-30 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने स्पीड उतरवा, पूर्ण थांबू नका, मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड करा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत सिग्नलला पाय दाबून उभे राहू नका, हँडब्रेकही ओढू नका.